मेगालोप्टेरा गणाची ओळख : यवतमाळच्या संदर्भात

पावसाळ्याच्या तोंडाशी दिव्याखाली लांब जाळीदार पंखांचा कीटक येऊन बसला, की हौशी निरीक्षक त्याला डॉब्सनफ्लाय, म्हणजे मेगालोप्टेरा गणातला, ठरवून मोकळा होतो. यवतमाळ जिल्ह्यात तरी आधी न्यूरोप्टेरा गणाची शंका घ्यावी. कपाशीतला मित्रकीटक क्रायसोपा याच गणातला. ओसरीच्या धुळीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या धरणारी अळी प्रौढ झाली की तीही चतुरासारखी दिसते, पण तिच्या शृंगिका टोकाशी जाड असतात. लिनियसने १७५८ साली या सगळ्यांना एकाच गणात घातले होते. मेगालोप्टेरा हा गट लात्रेयने १८०२ मध्ये वेगळा केला.

फरक पंखांत पाहावा. न्यूरोप्टेरात बहुतेक शिरांना पंखाच्या कडेशी बारीक फाटे फुटतात, मेगालोप्टेरात सहसा फुटत नाहीत. शिवाय मेगालोप्टेराच्या मागच्या पंखाचा बुडाकडचा भाग रुंद असून पंख्यासारखा घडी होतो.

गण नक्की झाला की पुढची वाट सोपी. डोक्यावर तीन साधे नेत्रक असतील तर कुल कोरिडॅलिडी. नेत्रक नसतील आणि पावलाचा चौथा खंड दुभंगलेला असेल तर सायालिडी, म्हणजे आल्डरफ्लाय : लहान, काळपट, दिवसा वावरणारी. कोरिडॅलिडीची दोन उपकुले आहेत, डॉब्सनफ्लाय आणि फिशफ्लाय. फिशफ्लायच्या शृंगिका पुष्कळदा करवतीसारख्या किंवा फणीसारख्या असतात. नुसत्या आकारावर मात्र विसंबू नये.

तरीही माझे मत असे, की या जिल्ह्यात शोध प्रौढाचा नव्हे, अळीचा करावा. प्रौढ थोडे दिवस जगतो. अळी पाण्यात दगडांखाली वर्षभर, कधी अनेक वर्षे काढते. कोरिडॅलिडीच्या अळीला उदराच्या कडांना तंतूंच्या आठ जोड्या आणि शेवटी दोन आखूड पाय असतात, प्रत्येकावर दोन आकडे. तंतूंच्या बुडाशी कल्ल्यांचे झुबके असले तर डॉब्सनफ्लाय, नसले तर फिशफ्लाय. आल्डरफ्लायच्या अळीला सात जोड्या आणि टोकाला एकच लांब शेपूट. खरी फसगत होते ती पाण्यावर गरगर फिरणाऱ्या भुंग्यांच्या अळीमुळे. तिलाही कडेला तंतू आणि शेवटी चार आकडे असतात. पण ते आकडे थेट शेवटच्या खंडावर, तिथे पाय नसतात. तळ्यातून आलेल्या नमुन्यात हे आधी तपासावे.

जगात मेगालोप्टेराच्या सुमारे चारशेच जाती ज्ञात आहेत. भारतातल्या बहुतेक हिमालयात आणि ईशान्येकडे; दक्षिणेत थोड्या, त्यांपैकी नेव्रोमस ऑस्ट्रोइंडिकस ही एक. विदर्भ या दोन्हींपासून दूर. इथले बहुतेक नाले उन्हाळ्यात आटतात, म्हणून पैनगंगेचे खडकाळ, वाहते पट्टे, विशेषतः सहस्रकुंडाच्या आसपासचे, आधी पाहावेत. पण कोरडा नाला लगेच बाद करणे घाईचे ठरेल : कॅलिफोर्नियात आटणाऱ्या ओढ्यांतल्या काही फिशफ्लायच्या अळ्या पात्रातल्या दगडांखाली पुरून घेऊन कोरडा काळ काढतात. वैशाखात त्या दगडांखालची ओलसर माती उकरून बघायला काय हरकत आहे?

जातीपर्यंत जायचे तर अळी पुरत नाही, नराच्या उदराचे टोक लागते. त्यासाठी पूर्ण वाढलेली अळी ओल्या मातीत ठेवावी, कारण कोष ती पाण्याबाहेर, मातीतच करते. बाहेर पडलेला नर अल्कोहोलमध्ये ठेवून चिठ्ठीवर गाव, नाला, तारीख लिहावी. कोषाची रिकामी कातही त्याच बाटलीत टाकावी.