प्रांतिक वाणीचें देशाटन

एखाद्या प्रांताची बोली प्रांताबाहेर पोंचली म्हणजे तिचा गौरव झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जातांना तिनें बरोबर काय नेलें आणि घरीं काय ठेविलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील रॅप, म्हणजे तालावर म्हटलेलें बोलकें पद्य, ह्याच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचें एक चांगलें उदाहरण आहे. तें म्हणजे ई-फॉर्टी ह्या मुरलेल्या रॅपकाराचा, १४ मार्च २००६ रोजीं निघालेला, 'माय घेटो रिपोर्ट कार्ड' हा अल्बम. ह्या नांवाचा अर्थ 'माझ्या वस्तीचें प्रगतिपुस्तक' असा करतां येईल.

सान फ्रान्सिस्को उपसागराच्या ईशान्य टोंकास व्हॅलेहो नांवाचें शहर आहे. १८५४ पासून चालत आलेली तेथील नौदलाची गोदी १९९६ मध्यें बंद झाली आणि शहराचा मोठा आधार तुटला. अर्ल स्टीव्हन्स ऊर्फ ई-फॉर्टी ह्याचा जन्म तेथेंच १९६७ मध्यें झाला. बहीण, भाऊ व नात्यांतला एक भाऊ ह्यांच्यासह त्यानें 'द क्लिक' हा संच उभारला आणि स्वतःची कंपनी काढून मोटारीच्या मागच्या कप्प्यांतून ध्वनिफिती विकल्या. शेजारच्या ओकलंड शहरांत टू शॉर्ट ह्यानें ही वाट आधींच पाडली होती. मोठ्या कंपन्यांचें लक्ष नव्हतें. पण ह्या उपेक्षेंतूनच एक लाभ झाला. परक्या श्रोत्यास समजावें म्हणून भाषा सौम्य करण्याचें कारण उरलें नाहीं. ई-फॉर्टीच्या गाण्यांत नव्या शब्दांची जी टांकसाळ चालते, ती ह्या स्वायत्ततेचेंच फळ होय.

'हायफी' हा संप्रदाय ह्याच भूमींत वाढला. अनावर, चंचल मुलास लावावयाच्या विशेषणाचें हें गल्लींतील रूप. तें घडविण्याचें श्रेय ओकलंडच्या कीक द स्नीक ह्यास देतात. मठ्ठ, वेडा हीं जगानें दिलेलीं दूषणें येथील तरुणांनीं भूषणें म्हणून मिरविलीं. जलद ताल, खोल घुमणारा खर्ज, रात्रीं चौकांत गरगर फिरणाऱ्या मोटारी, आणि हळूहळू सरकणाऱ्या गाडींतून उतरून तिच्या शेजारीं नाचणारा चालक, असें त्याचें दृश्य होतें. त्यांत उल्हास होता तसा धोकाहि होता. ह्या खेळांत जीव गेले. व्हॅलेहोचा मॅक ड्रे हा ह्या मंडळींचा लाडका गुरु. परंतु १ नोव्हेंबर २००४ रोजीं कॅन्सस सिटींत त्याचा गोळ्या घालून खून झाला. बाहेरचें दार उघडलें तेव्हां तो हयात नव्हता.

तें दार उघडलें अटलांटाच्या किल्लीनें. तेथील लिल जॉन ह्यानें आपल्या दाक्षिणात्य शैलीस आधींच देशभर मान्यता मिळवून दिली होती. त्याच्या व वॉर्नरच्या छत्राखालीं हा अल्बम निघाला. घरच्या बाजूनें रिक रॉक ह्याचें संगीतहि त्यांत होतें. 'टेल मी व्हेन टु गो' ह्या गाण्यांत ई-फॉर्टीनें कीकला जवळ घेतलें आणि हायफीच्या हालचालींची एकामागून एक नांवें सांगितलीं. बाहेरच्यांसाठीं तो बाळबोध पाठच ठरला. अमेरिकेच्या मुख्य विक्रीयादींत अल्बम थेट तिसऱ्या क्रमांकावर आला. परंतु त्यांतील सर्वांत वर चढलेलें गाणें, तेराव्या स्थानापर्यंत गेलेलें 'यू अँड दॅट', हें फ्लोरिडाच्या टी-पेन व अटलांटाच्या कँडी ह्यांच्या साह्यानें रचलेलें असून त्यांत हायफीचा अंश थोडाच आहे. जगानें हायफीच्या प्रतिनिधीस आंत घेतलें. हायफीस मात्र त्यानें उंबऱ्याशींच थांबविलें.

पुढें दोनएक वर्षांत ही लाट ओसरली. २००८ मध्यें खुद्द व्हॅलेहो शहरानें दिवाळें काढलें. त्यानंतरच्या दशकांत लॉस एंजेलिसच्या डीजे मस्टर्ड ह्यानें जो मोकळा, टाळीच्या ठेक्याचा नाद देशभर गाजविला, त्यांतील उपसागरी ऋण जाणकारांनीं ओळखलें. पण त्यावर हायफीचें नांव नव्हतें. ताल प्रवासास गेला, पत्ता मात्र घरींच राहिला.

ह्यांत ई-फॉर्टीस दोष देणें अन्यायाचें होईल. अडतिसाव्या वर्षीं, दीर्घ कारकीर्दीनंतर, कीर्तीसाठीं भाषा बदलण्याचा मोह त्यास झाला असता तर नवल नव्हतें. त्यानें किल्ली परक्याची घेतली, परंतु जीभ आपलीच ठेविली. आणि ज्याचा घोगरा स्वर परक्यास समजणें कठीण, त्या कीकलाच आपल्या पहिल्या गाण्यांत पुढें केलें. प्रांतिक कलेच्या दूतानें ह्याहून अधिक काय करावें? क्रमांक देणें परीक्षकाच्या हातीं असतें. पण आपला सोबती कोण, हें दूतानें स्वतः ठरवावयाचें असतें, आणि तें ई-फॉर्टीनें चोख ठरविलें.