जुन्नर-आंबेगावचे शर्यतीचे बैल : पारख, प्रतवारी आणि परमुलखातील शोध

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत ग्रामदैवताची यात्रा आणि बैलगाड्यांचा घाट यांचे नाते अतूट मानले जाते. आंबेगाव तालुक्यात नागापूर येथील थापलिंगाच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. घाटातील धाव काही सेकंदांत संपते. परंतु त्या सेकंदांच्या मागे बैलाचा शोध, त्याची खरेदी, त्याची प्रतवारी आणि त्याचे शिक्षण अशी अनेक वर्षांची साखळी उभी असते. या साखळीचे स्वरूप काय, आणि शर्यतीमुळे खिलार जातीचे रक्षण होते हे नेहमी केले जाणारे प्रतिपादन तिच्या कसोटीवर कितपत उतरते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम भूमीचा विचार करणे इष्ट ठरेल. या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीतला, अतिपावसाचा आणि भातशेतीचा आहे. चिखलात व संततधार पावसात टिकणारे, कठीण खुरांचे आणि तेलकट कातडीचे डांगी जनावर त्या भागास मानवते. पूर्वेकडील सपाट, कोरड्या भागात मात्र खिलार बैलाचा मान मोठा. जुन्नरचा बैलाशी असलेला संबंध अर्थातच प्राचीन आहे. नाणेघाटाच्या सातवाहनकालीन लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाईंच्या दानांची गणना आहे, आणि या घाटाने कोकणाशी चालणारा व्यापार शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून होत असे. तथापि एवढ्यावरून शर्यतीची प्रथा सातवाहनांपर्यंत मागे नेणे युक्त ठरणार नाही. ओझ्याच्या बैलाची परंपरा वेगळी आणि धावत्या बैलाची वेगळी; एकीचा पुरावा दुसरीस लागू पडत नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जुन्नर-आंबेगावच्या घाटात गाजणाऱ्या खिलार बैलाचे मूळ घर हा प्रदेश नव्हे. खिलारची पैदास मुख्यतः माणदेशात, म्हणजे माण, आटपाडी, सांगोला या अवर्षणग्रस्त टापूत आणि त्यास लागून असलेल्या जत, मंगळवेढा व कर्नाटकाच्या सीमाभागात होते. ‘खिलार’ या शब्दाचा अर्थच गुरांचा कळप असा आहे. आटपाडी महाल, म्हसवड, हणम आणि तापी असे त्याचे प्रकार प्रदेशपरत्वे मानले जातात. खिलार गाईचे दूध बेताचेच. त्यामुळे पैदासकार ते विकण्यापेक्षा खोंडाच्या अंगी लावण्यात हित मानतो. म्हणजे खोंडाची किंमत हेच त्याच्या श्रमाचे मुख्य फळ. खरसुंडी, म्हसवड, पुसेगाव, पंढरपूर येथील यात्रांतील गुरांचे बाजार आणि सांगोल्याचा आठवड्याचा बाजार ही या खोंडांची विक्रीस्थाने. उत्तर पुण्यातील गाडामालक स्वतः किंवा जाणत्या माणसाला बरोबर घेऊन तेथवर जातो. जुन्नर तालुक्यातील बेल्हे आणि खेड तालुक्यातील चाकण येथील बाजार त्याला जवळचे. परंतु मनाजोगा खोंड हवा असेल, तर पैदासकाराच्या दावणीपर्यंत जाणे त्यास भाग पडते.

पारखीची पहिली पायरी दातांची. दुधाचे दात असलेला तो ‘आदत’, दोन पक्के दात आलेला ‘दुसा’, चार दातांचा ‘चौसा’, पुढे सहादाती आणि सर्व दात आलेला ‘जुळलेला’. पहिले पक्के दात साधारणतः दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात आणि जुळण्यास साडेचार-पाच वर्षे लागतात. आदत खोंडाची किंमत त्याच्या कर्तृत्वाची नसून त्याच्याविषयीच्या अपेक्षेची असते. जुळलेल्या बैलाची किंमत त्याने घाटात काय केले यावर ठरते. दातांबरोबर पायांची ठेवण, खुरांची घडण, छातीची रुंदी, पाठीची सरळ रेषा, कातडीचा पातळपणा आणि नजरेतील चपळता पाहिली जाते. भोवरा आणि गोम यांवरून शुभाशुभ ठरविण्याची रीतही आहे. अशी लक्षणे सांगण्याची परंपरा जुनी असून, सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गाय-बैलांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. या लक्षणांत अनुभव आणि श्रद्धा एकमेकांत मिसळलेली आहेत. खुरावरून काढलेले अनुमान धावेने पडताळता येते. भोवऱ्यावरून काढलेले तसे पडताळले जात नाही, तरी बाजारात किंमत मात्र दोहोंनीही हलते.

दुसरी पायरी प्रत्यक्ष चाचणीची. सातारा-सांगलीकडील मैदानात दोन बैलांचे छकडे शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून एकमेकांविरुद्ध धावतात आणि आदत खोंडांसाठी वेगळे गट भरविण्याची रीतही तिकडे आहे. उत्तर पुण्याची पद्धत निराळी आहे. येथे चार बैलांचा गाडा, पुढे घोडी आणि चढाचा घाट. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची बारी घड्याळावर मोजली जाते. स्पर्धा शेजाऱ्याशी नसून सेकंदांशी असते, आणि लागलेल्या सेकंदांवरून गाड्यांचे क्रमांक लागतात. या पद्धतीत प्रतवारीचा एक कठीण प्रश्न दडलेला आहे. घड्याळ वेळ सांगते ती चार बैलांची मिळून. तीत नव्या खोंडाचा वाटा किती, हे सांगत नाही. म्हणून जाणता मालक खोंडाला मुरलेल्या बैलांच्या सोबतीस जुंपतो, जोडीदार बदलून पाहतो, आणि अनेक बाऱ्यांची तुलना करून त्याचा दर्जा ठरवतो. हे अनुमानशास्त्र कोठेही लिहिलेले नाही. ते स्मरणात आणि घाटाच्या कडेला होणाऱ्या चर्चेत वास करते.

या व्यवस्थेचे स्वरूप समजण्यास एका दूरच्या व्यवस्थेशी केलेली तुलना उपयोगी पडते. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात ब्रँच रिकी यांनी १९२० नंतरच्या दशकात सेंट लुईसच्या संघासाठी कनिष्ठ संघांची उतरंड उभी केली. कोवळ्या वयाचे खेळाडू हेरावयाचे, त्यांना खालच्या पायरीवर खेळवावयाचे, त्यांचे क्रम लावावयाचे आणि निवडक मोजके वर आणावयाचे, अशी ती रीत. पुढे हा शोध डॉमिनिकन प्रजासत्ताकासारख्या परदेशांपर्यंत पोहोचला. या रचनेस तेथे ‘शेता’ची उपमा दिली गेली. दूरच्या दरिद्री प्रदेशात शोध, अपेक्षेवर लावलेली किंमत आणि बहुसंख्यांची अटळ गळती ही तिन्ही लक्षणे माणदेश ते जुन्नर या साखळीतही आढळतात. भेद एवढाच, पण तो मूलगामी आहे : गळालेला खेळाडू आपली वाट स्वतः शोधू शकतो, गळालेल्या बैलाची वाट मालकाने ठरवावयाची असते.

पूर्वी ही वाट शेताकडे जात असे. जो खोंड घाटात मागे पडे, तो नांगराला व मोटेला उपयोगी येई. त्यामुळे चुकलेल्या पारखीचा तोटा मर्यादित राही. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरील डिंभे या धरणांनी पूर्वभागाचे अर्थकारण पालटले. ऊस, कांदा, टोमॅटो यांनी पैसा आणला आणि त्या पैशाबरोबर ट्रॅक्टर आला. शर्यतीच्या बैलावर खर्च करण्याची ऐपत वाढली, परंतु त्याच वेळी नाकारलेल्या बैलाचे शेतातील स्थान नाहीसे होत गेले. मार्च २०१५ मध्ये राज्याच्या सुधारित पशुसंरक्षण कायद्याने बैलांच्या कत्तलीसही बंदी घातल्यावर त्याच्या विक्रीचा उरलेला मार्गही कायद्याने बंद झाला.

याच काळात शर्यतीवरही बंदी होती. केंद्र शासनाच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश खेळासाठी प्रदर्शित करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निर्णयाने, १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या आधारे, बैलांच्या शर्यती अवैध ठरविल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. २०१४ ते २०२१ हा काळ साडेसात वर्षांहून अधिक होतो. २०१३ मध्ये जन्मलेला खोंड २०१८ मध्ये जुळला आणि शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा आठ वर्षांचा झाला होता. म्हणजे बैलांची एक संपूर्ण पिढी कायदेशीर घाट न पाहताच वयात आली. पारख ही पडताळणीवर जगणारी विद्या असल्याने, या खंडाचा आघात बैलांइतकाच ती विद्या शिकू पाहणाऱ्या तरुणांवरही झाला असला पाहिजे.

आता मूळ प्रतिपादनाकडे वळता येईल. शर्यतीमुळे खिलार टिकतो, या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच की, उत्तर पुण्यातील मागणीने माणदेशातील खोंडाला किंमत येते. परंतु जात टिकते ती गाईवर, आणि गाय घाटात धावत नाही. एका खोंडास मिळालेल्या मोठ्या किमतीचा लाभ मधल्या व्यापाऱ्याकडे न राहता पैदासकाराच्या दावणीपर्यंत पोहोचला, तरच ती किंमत गाय राखण्यास कारण होते. शिवाय ज्या शेकडो खोंडांची निवड होत नाही, त्यांच्या पोषणाचा भार कोणी वाहावयाचा, या प्रश्नाचे उत्तर शर्यत देत नाही.

बंदीस कारण झालेल्या क्रौर्याचा प्रश्नही या पारखीशी निगडित आहे. टोचणी व चाबूक यांनी काढलेला वेग बैलाचा गुण नव्हे, त्याच्या वेदनेचे माप होय. आणि असा वेग घड्याळात शिरला की खरी प्रतवारी अशक्य होते. म्हणून बैलास इजा न करण्याची कायद्याची अट ही परंपरेवर बाहेरून लादलेली अडचण मानण्याचे कारण नाही. जाणत्याच्या पारखीस किंमत राहावी, यासाठी तीच अट आवश्यक आहे. जुन्नर-आंबेगावच्या घाटाचे मोल केवळ विजेत्या बारीवर मोजता येणार नाही. माणदेशातील गाईपासून घाटात न टिकलेल्या बैलापर्यंत ही साखळी कोणाचा किती भार वाहते, यावरूनच ते ठरावे लागेल.