घरगुती यंत्रात कोंबडीची अंडी उबवणे : पद्धत, प्रशिक्षण आणि शासकीय मदत

परसातील कुक्कुटपालन सुरू करू इच्छिणाऱ्या बचत गटातील महिला, लहान शेतकरी आणि बेंगळुरू व परिसरातील मराठी भाषक लाभार्थी यांच्यासाठी ही माहिती आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी किंवा योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी ती पूर्ण वाचावी.

प्रथम हे लक्षात घ्या

राष्ट्रीय पशुधन अभियानातून कुक्कुटपालनासाठी ५० टक्के भांडवली अनुदान मिळते, हे खरे आहे. मात्र ते ३० किंवा ५० अंड्यांच्या घरगुती यंत्रासाठी नाही. "यंत्र घ्या, अर्धे पैसे सरकार परत देईल" असे कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. अनुदान कोणत्या प्रकल्पाला मिळते, ते पुढे दिले आहे. घरगुती यंत्र हे शिकण्याचे आणि स्वतःपुरती पिल्ले काढण्याचे साधन आहे. ते आपल्या ऐपतीनुसार घ्यावे.

कोणती अंडी ठेवावीत?

दुकानात मिळणारी पांढरी अंडी उबवून पिल्ले निघत नाहीत. त्या फार्मवर कोंबड्यांबरोबर नर ठेवलेले नसतात, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. उबवणीसाठी ८ ते १० कोंबड्यांमागे एक निरोगी नर असलेल्या कळपातील अंडी घ्यावीत.

- अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे. मधल्या काळात ते थंड, सावलीच्या जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावे.
- तडा गेलेली, फार लहान, फार मोठी किंवा वेडीवाकडी अंडी वगळावीत.
- अंडी पाण्याने धुऊ नयेत. कवचावरील संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात.

गिरिराज आणि स्वर्णधारा हे सुधारित पक्षी बेंगळुरूतील हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झाले आहेत. ते संकरातून तयार केलेले असल्यामुळे घरच्या गिरिराज कोंबडीच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी तेवढीच वजनदार किंवा तेवढीच अंडी देणारी असेलच असे नाही. या जाती हव्या असतील तर अधिकृत केंद्रातून एक दिवसाची पिल्ले घ्यावीत. घरी उबवण्यासाठी गावठी कोंबडीची अंडी योग्य. बेंगळुरूत गावठी कोंबडीला "नाटी कोळी", अंड्याला "मोट्टे" आणि पिल्लाला "मरी" म्हणतात. चौकशी करताना हे शब्द उपयोगी पडतील.

२१ दिवसांचे वेळापत्रक

अंडी ठेवल्यानंतर पूर्ण २४ तास झाले की पहिला दिवस मोजावा. सोमवारी संध्याकाळी ठेवलेली अंडी तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारच्या आसपास फुटतात.

*अंडी ठेवण्यापूर्वी :* यंत्र रिकामे २४ तास चालवून पाहावे. यंत्राच्या काट्यावर विसंबून न राहता आत वेगळा तापमापक ठेवावा. यंत्र खिडकीजवळ, उन्हात किंवा पंख्याच्या वाऱ्यात ठेवू नये.

*दिवस १ ते १८ :* पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवावी. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ अंशांच्या आसपास तापमान लागते. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत, म्हणजे दररोज रात्री वेगळी बाजू वर राहते. एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल करावा. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. खुडूक कोंबडी हेच काम चोचीने करत असते.

*दिवस ७ :* अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ वाढत आहे. अंडे स्वच्छ पिवळे दिसले तर ते फलित नाही. आत फक्त लाल कडे दिसले तर गर्भ मेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण सडलेले अंडे फुटल्यास बाकीचीही खराब होतात.

*दिवस १८ ते २१ :* अंडी फिरवणे थांबवावे. आर्द्रता ६५ ते ७० टक्के करावी आणि झाकण उघडू नये. कवचाला पहिले छिद्र पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बराच वेळ लागतो, कधी कधी पूर्ण दिवसही. दया येऊन कवच सोलू नका. त्या वेळात पिल्लू शिरांमधले रक्त आणि उरलेला बलक शरीरात ओढून घेत असते. घाईने सोलल्यास रक्तस्राव होऊन ते मरू शकते.

वीज गेल्यास

बेंगळुरूत हिवाळ्याच्या रात्री हवा बरीच थंड असते, म्हणून ही तयारी आधीच करावी. झाकण उघडू नये. यंत्राभोवती घोंगडी गुंडाळावी, पण हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. थोडा वेळ गारवा गर्भ बहुधा सोसतो. जास्त उष्णता मात्र लवकर मारते. म्हणून वीज आल्यावर तापमान वाढवून "भरपाई" करू नये. शक्य असल्यास यंत्र इन्व्हर्टरला जोडावे.

वहीत नोंद ठेवा

समजा ३० अंडी ठेवली, सातव्या दिवशी ६ कोरी निघाली आणि उरलेल्या २४ मधून १८ पिल्ले आली. तर फलित अंड्यांवर ७५ टक्के उबवण झाली. चूक कुठे आहे हे या नोंदीवरून कळते.

- कोरी अंडी जास्त : नर कमी किंवा म्हातारा, अथवा अंडी जुनी.
- पहिल्या आठवड्यात मर : तापमानात चढउतार, अंड्यांची हाताळणी.
- पिल्लू पूर्ण वाढून कवचातच मेले : शेवटच्या दिवसांतील आर्द्रता, हवा किंवा फिरवण्यातील चूक.

पहिल्या खेपेला निम्मी अंडी गेली तरी यंत्र टाकून देऊ नका. आधी वही पाहा.

पिल्ले बाहेर आल्यावर

पिल्ले पूर्ण सुकल्यावरच बाहेर काढावीत. पोटातील बलकावर ती दोन दिवस तग धरतात, तरी पाणी आणि खाद्य लवकर द्यावे. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब द्यावी आणि दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी आहे. दूर पळून चोच उघडी ठेवत असतील तर जास्त आहे. मरेक्स, राणीखेत आणि गंबोरो या रोगांच्या लसींबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात विचारावे.

प्रशिक्षण आणि योजना

*प्रशिक्षण :* बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची केंद्रीय कुक्कुट विकास संघटना व प्रशिक्षण संस्था आहे. येण्यापूर्वी पुढील वर्गाची तारीख आणि भाषा विचारून घ्यावी. महाराष्ट्रात जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय व कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी करावी.

*राष्ट्रीय पशुधन अभियान :* किमान १,००० मादी पक्ष्यांचा मातृ-पितृ कळप, उबवणी केंद्र आणि पिल्ले वाढवण्याची सोय असलेल्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये भांडवली अनुदान आहे. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी आणि संयुक्त दायित्व गट अर्ज करू शकतात. अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर ऑनलाइन होतो. अनुदान सिडबीमार्फत दोन समान हप्त्यांत मिळते. जमीन खरेदी आणि दैनंदिन खर्च यात धरले जात नाहीत. अर्जदाराकडे प्रशिक्षण किंवा अनुभव असणे अपेक्षित आहे.

*किसान क्रेडिट कार्ड :* खाद्य, औषध, वीज अशा चालू खर्चासाठी कुक्कुटपालकांनाही हे कार्ड मिळू शकते. आपल्या बँक शाखेत विचारावे.

अर्जापूर्वी तपासा

१. तुमच्या वस्तीत कोंबड्या पाळण्यास स्थानिक संस्थेची परवानगी आहे का?
२. पिल्ले मोठी झाल्यावर जागा आणि गिऱ्हाईक आहे का?
३. निदान दोन-तीन खेपांची वही तयार आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर मोठ्या प्रकल्पाबद्दल बँकेत बोलताना दाखवण्यासारखे काहीतरी तुमच्या हातात असेल.