तांबड्या फुलाचा शीतदेशीं प्रवास

फाल्गुन लागला कीं मारेगांवच्या भोंवतालच्या रानांत पळस पेटतो. तो पाहिला म्हणजे आम्हांस हिमालयांतील दुसऱ्या एका तांबड्या फुलाची आठवण होते. गढवाल-कुमाऊंत त्यास बुरांश म्हणतात, नेपाळांत गुरांस, आणि वनस्पतिशास्त्रांत ऱ्होडोडेंड्रॉन. पळस पानें टाकून फुलतो. बुरांश बाराहि महिने हिरवा असतो. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दार्जिलिंगहून त्याचें एक रोप मोठ्या हौसेनें आणून परसांत लावलें. वैशाख संपण्यापूर्वींच तें वाळलें.

दोष एकट्या उन्हाचा नव्हता. ह्या झाडास कुजक्या पालापाचोळ्याची, आम्ल व भुसभुशीत माती हवी. मुळें उथळ असल्यामुळें ओल हवी, पण सांचलेलें पाणी नको. आणि चुना तर मुळींच खपत नाहीं. आमची जमीन काळी, चिकण, चुनखडीची! आपली चूक उमगल्यावर आम्ही ह्या झाडाचा इतिहास वाचूं लागलों. तेव्हां कळलें कीं, विलायतेच्या बागवानांनींहि आरंभीं ठेंच खाल्ली होती. आम्हांस ऊन नडलें, त्यांस थंडी नडली, इतकाच भेद.

१७९६ सालीं कॅप्टन हार्डविक हा गढवालांतील श्रीनगरास गेला असतां त्यानें हें झाड पाहून त्याची नोंद केली. इंग्लंडांत तें प्रथम फुललें १८२५ सालीं, हॅम्पशायर परगण्यांत. परंतु तिकडचा वसंत फसवा. जराशी ऊब लागतांच कळ्या उमलत आणि मागून पडणाऱ्या हिंवानें करपून जात. तोडगा निघाला तो संकराचा. १८२६ सालीं हायक्लेअर येथील बागेंत बुरांशाचा पराग एका काटक झाडास देण्यांत आला. तें झाडहि संकरजच होतें. त्याचें एक कूळ अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतलें, दुसरें काळ्या समुद्राकडचें. १८३१ सालीं त्या संततीस फुलें आलीं. रंग हिमालयाचा होता, थंडी सोसण्याचें बळ दुसऱ्या कुळाचें.

पुढें १८४८ सालीं जोसेफ हूकर दार्जिलिंगास आला व त्यानें सिक्कीमचे डोंगर पालथे घातले. त्यानें धाडलेल्या बियांनीं विलायतेच्या बागा भरल्या, आणि तीस चित्रांचा त्याचा ग्रंथ १८४९ ते १८५१ ह्या काळांत प्रसिद्ध झाला. १८४९ च्या नोव्हेंबरांत सिक्कीमच्या दिवाणानें हूकर व दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल ह्यांस अटकेंत ठेवलें. दोघे सुटले, परंतु त्या अटकेची शिक्षा म्हणून १८५० सालीं इंग्रजांनीं सिक्कीमचा तराईचा मुलूख घेतला. फुलांच्या ह्या कथेंत हेंहि एक पान आहे, आणि बागांच्या पुस्तकांतून तें सहसा गळतें. हूकरचीं ओझीं वाहणारे व त्यास वाटा दाखविणारे लेपचा लोकहि असेच गळतात.

हीं संकरज झाडें मोठ्या उद्यानांस शोभलीं; लहान घरांच्या बागांस तीं फारच थोर होतीं. ती उणीव जपानच्या याकुशिमा बेटानें भरून काढली. तेथील डोंगरमाथ्यावर वारा व पाऊस खात वाढणारी एक ठेंगणी, गच्च, सदाहरित जात आहे. कळ्या गुलाबी, फुलें पांढरीं. तिचीं दोन रोपें १९३४ सालीं इंग्लंडांतील एक्सबरीस गेलीं. १९४७ सालीं चेल्सीच्या प्रदर्शनांत तिला पहिल्या प्रतीचें प्रशस्तिपत्र मिळालें, आणि आजच्या पुष्कळशा आटोपशीर जाती तिच्याच वंशांतल्या आहेत.

एका फुलास परकी हवा मानवावी म्हणून तीन खंडांचीं कुळें जुळवावीं लागलीं, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागली. आम्ही मात्र एका उन्हाळ्यांत तें साधूं पाहत होतों! परसांतला तो खड्डा अजून रिकामाच आहे. येत्या मृगांत तेथें पळस लावावा, असें आम्हीं ठरविलें आहे. काळ्या जमिनीशीं त्याचें जुनेंच सख्य आहे.