अंबर, जुमा आणि चेंगविंबे : नावांच्या अर्थाविषयी काही विचार

बाळासाठी नाव शोधताना आपण ज्या पुस्तिका चाळतो, त्यांची रचना ठरलेली असते. डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. जगातील बहुतेक भाषांमधील नावांच्या अशा याद्या आज उपलब्ध आहेत, स्वाहिली नावांच्याही आहेत. अमानी म्हणजे शांती, इमानी म्हणजे श्रद्धा, झवादी म्हणजे भेट, तुमाईनी म्हणजे आशा. या याद्या उपयुक्त असतात, पण त्या एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : या शब्दाचा अर्थ काय? हे नाव कोणी, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत दिले, हा प्रश्न त्या विचारत नाहीत. नावाचा इतिहास मात्र या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो, असे आम्हांला वाटते. आफ्रिकेतून निघून दख्खनपर्यंत आलेल्या नावांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. आणि त्यासाठी मोंबासा किंवा झांझिबारपासून सुरुवात करण्याची गरज नाही. जालना जिल्ह्यातील रोषणगावापासूनही ती करता येते.

बदनापूर तालुक्यातील या गावाच्या परिसरात १६१६ साली निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर आणि मोगल सेनापती शाहनवाजखान यांच्यात मोठी लढाई झाली. लढाईपूर्वीच काही हबशी आणि मराठे सरदार अंबरचा पक्ष सोडून मोगलांना मिळाले होते. त्यांत याकूतखान होता, तसेच शेजारच्या सिंदखेडचे लखुजी जाधवही होते. अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी पुढे जाऊन त्याने वसवलेले खडकी हे शहर उद्ध्वस्त केले. लढाईचा हा तपशील इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो. आपण येथे फक्त दोन नावांपाशी थांबू : अंबर आणि याकूत.

मराठी कानाला ‘अंबर’ हा शब्द परका वाटत नाही. संस्कृतातून आलेला अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. जिल्ह्यातील अंबड हे गावही उच्चाराने जवळचे, पण लोकपरंपरा त्याचा संबंध अंबरीष राजाशी जोडते. मलिक अंबरच्या नावाशी यांपैकी कशाचाही संबंध नाही. त्याच्या नावातील ‘अंबर’ अरबी आहे. देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा, समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागणारा आणि अत्तरासाठी मोलाचा ठरलेला सुगंधी पदार्थ म्हणजे अंबर. दहाव्या शतकातील अरब लेखक अल्-मसूदी याने पूर्व आफ्रिकेच्या झंज किनाऱ्यावर मिळणारे अंबर उत्तम असल्याचे नमूद केले आहे. हिंदी महासागरातील ज्या व्यापारात अंबर, हस्तिदंत आणि सोने यांची ने-आण होत होती, त्याच व्यापारात माणसेही विकली जात होती. एका विकल्या गेलेल्या मुलाला त्याच व्यापारातील एका मौल्यवान मालाचे नाव मिळाले.

हा मुलगा मूळचा इथिओपियाचा. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्याचा जन्म झाला. १६१७ साली अंबरला प्रत्यक्ष भेटलेला डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुक याच्या नोंदीमुळे त्याचे मूळ नाव आपल्यापर्यंत पोहोचले : चापू. मोखाच्या बाजारात त्याची विक्री झाली, पुढे बगदादमध्ये एका मालकाने त्याला अंबर हे नाव दिले आणि अखेर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला दख्खनमध्ये विकत घेतले. चंगीझखान स्वतःही एकेकाळी गुलाम असलेला हबशीच होता.

याकूत म्हणजे माणिक. पन्हाळ्याच्या वेढ्यामुळे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या सिद्दी जौहरच्या नावाचा अर्थ रत्न. विजापूर दरबारातील मलिक रैहानच्या नावात सुगंधी वनस्पती आहे, तर अलाउद्दीन खिलजीच्या मलिक काफूरच्या नावात कापूर. (काफूर आफ्रिकी नव्हता, गुलाम मात्र होता.) ही सारी नावे एकत्र वाचली म्हणजे आपण अत्तरे आणि जवाहिरांच्या पेठेत उभे आहोत असे वाटते. नावे सुंदर आहेत, यात शंका नाही. पण स्वतंत्र मनुष्याच्या अरबी नावात ‘अमुकचा पुत्र’ अशी बापाची ओळख येते, ती येथे नाही. नावाच्या मागे कूळ नाही, गाव नाही. ज्याने विकत घेतले त्याची हौस तेवढी आहे. आणि नाव सुगंधी असल्याने प्रतिष्ठा मिळते असेही नाही. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख त्याच्या वर्णावरून अपमानास्पद शब्दांत केलेला आहे. या पार्श्वभूमीवर एक तपशील लक्षणीय ठरतो : अंबरच्या दोन मुलांपैकी एकाचे नाव चंगीझखान होते. ज्याला स्वतःचे नाव राखता आले नाही, त्याच्या घरात पुढे आपल्या जुन्या धन्याचे नाव मुलाला मिळाले. याला कृतज्ञता म्हणावे की वडिलोपार्जित कुळाच्या जागी निवडलेले नवे कूळ म्हणावे, याचा निर्णय सोपा नाही.

आता स्वाहिली किनाऱ्याकडे वळू. अंबरचा इथिओपिया निराळा आणि हा किनारा निराळा, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ‘स्वाहिली’ हा शब्दच ‘किनारे’ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. भाषेचा सांगाडा बांटू कुळातील, तर शब्दसंग्रहात अरबीचा मोठा वाटा. या भाषेतील नावे घरात कशी ठेवली जातात? शुक्रवारी जन्मला तो जुमा, गुरुवारी जन्मला तो हमिसी. पहिले अपत्य मोसी, दुसरे पिली, तिसरे तातू. जुळ्यांपैकी एक कुलवा, दुसरे दोतो. रात्री जन्मलेली चाउसिकू, पावसाळ्यातली मसिका. घर अडचणीत असताना आलेल्या मुलाचे नाव शिदा किंवा ताबू, म्हणजे हाल, त्रास. आपल्याकडील सोमी, मंगळी, बुधाजी, शुक्री ही नावे ज्यांच्या परिचयाची आहेत, त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. काही शब्द तर थेट ओळखीचे निघतात. स्वाहिलीतील बराका आणि आपली बरकत, सुबिरा आणि सबुरी, इमानी आणि इमान ही एकाच अरबी मुळांची भावंडे आहेत. तिकडे ती समुद्रमार्गे गेली, आपल्याकडे फारसीच्या हाताला धरून आली. बहाती म्हणजे नशीब. त्याचे मूळ असलेला ‘बख्त’ आपल्या ‘कमबख्त’ या शिवीत दडलेला आहे.

घरात दिलेल्या अशा नावाला अर्थ असतो, कारण त्यामागे जन्माची वेळ जाणणारी माणसे असतात. तेच शब्द व्यापाऱ्याच्या हाती गेले की काय होते? एकोणिसाव्या शतकात बर्टन, स्पीक आणि स्टॅन्ली यांच्या मोहिमांत वाटाड्या म्हणून गाजलेला सिदी मुबारक बॉम्बे याचे उदाहरण पाहावे. याओ समाजातील हा मुलगा लहानपणी पकडून विकला गेला, भारतात त्याने गुलामीची वर्षे काढली आणि धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन तो झांझिबारला परतला. ‘सिदी’ हे भारतात आफ्रिकी माणसाला लावले जाणारे सर्वसाधारण संबोधन, ‘मुबारक’ हा शुभशब्द आणि ‘बॉम्बे’ हे शहर. तीन शब्दांत त्याचा सारा प्रवास आला आहे, पण त्याच्या आईने मारलेली हाक त्यात नाही.

महाराष्ट्रात या इतिहासाचे आणखी एक ठिकाण आहे, ते म्हणजे नाशिकजवळचे शरणपूर. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांपैकी अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर येथील आश्रमात ठेवले जाई. तेथे त्यांना शिक्षण मिळाले, हातकाम मिळाले आणि नवी नावेही मिळाली. १८७३ साली लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर झाडावर त्याचा स्मृतिलेख कोरणारा जेकब वेनराइट हा येथलाच विद्यार्थी. त्याचा सहकारी मॅथ्यू वेलिंग्टन याचे मूळ नाव चेंगविंबे. पुढे नाशिकचे अनेक आफ्रिकी १८७५ साली मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रिअरटाउनमध्ये स्थायिक झाले. ते गावही मुंबईच्या एका माजी गव्हर्नरच्या नावाचे. येथे हेतू दयेचा होता हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही मुक्ती देणाऱ्यानेच नावही द्यावे, ही रीत मात्र बदलली नाही.

ती बदलण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून नेलेले होते. स्वाहिली ही त्यांची वडिलोपार्जित भाषा नव्हे. तरीही १९६६ साली मौलाना करेंगा यांनी क्वान्झा हा सण सुरू केला तेव्हा त्याची सात तत्त्वे स्वाहिलीत मांडली. त्यांतील दुसरे तत्त्व ‘कुजिचागुलिआ’. स्वतःची व्याख्या स्वतः करणे, स्वतःला नाव स्वतः देणे, असा त्याचा आशय आहे. इमानी हे सातवे तत्त्व पुढे मुलींचे नाव म्हणून अमेरिकेत रुळले. कोशातील अर्थ मोंबासात आणि शिकागोत एकच, पण शिकागोतल्या त्या नावात एक प्रतिज्ञा मिसळलेली आहे.

मराठवाड्यातील वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असे विधान मनुस्मृतीत आहे. आता दगडू, धोंडू, केरबा ही नावे सर्वच जातींत आढळतात. मुले दगावत असलेल्या घरात दृष्ट लागू नये म्हणून आईने ठेवलेल्या ‘दगडू’मध्ये माया असते. पण गावगाड्याने एखाद्या वस्तीसाठी चांगली नावे वर्ज्यच ठरवली असतील, तर तोच ‘दगडू’ हुकूम ठरतो. शब्द एक, अर्थ दोन. आणि भेद आहे तो नाव देणाऱ्यात. १९५६च्या धर्मांतरानंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आली, ती हा हुकूम नाकारून. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींनी नवी नावे घेतली, तीही याच इतिहासाचा भाग मानली पाहिजेत. आणि आमची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला संलग्न आहेत, त्याच्या नावासाठी १९७८ सालच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत या प्रदेशात काय घडले, किती घरे जळली, हे येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. ‘नावात काय आहे’ असे सहज विचारणे ज्यांना परवडते, त्यांचे नाव बहुधा कोणी हिरावून घेतलेले नसते.

म्हणून भाषाभ्यासाच्या वर्गात विशेषनामांचा विचार व्युत्पत्तीपाशी संपवू नये, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. अंबर हा शब्द अरबी आहे, एवढे सांगून चापूची गोष्ट संपत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील तीन पिढ्यांची नावे गोळा करावीत आणि प्रत्येक नावापुढे अर्थाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : हे नाव कोणी ठेवले? तो भरण्यासाठी त्यांना कोशाऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जावे लागेल. त्यांच्याकडून मिळणारी उत्तरे इतर कोठेही लिहिलेली नाहीत.