पेराक ते बोरघाट : जावाच्या मागच्या चाकाची कथा

मुंबईहून खांदा कॉलनीजवळून पनवेलला येणारा रस्ता पुढे बोरघाटाला भिडतो. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने जुन्या मोटारसायकली आजही खोपोलीहून शिंगरोबाच्या घाटानेच वर चढतात. या वळणांवर जुन्या जावाचे मागचे चाक डुलू लागले, तर इंजिनाला बोल लावण्यापूर्वी ‘चिमटा’ तपासावा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला थेट जखडलेले असे. खड्ड्याचा धक्का सोसायचा तो आसनाखालच्या स्प्रिंगने आणि स्वाराच्या कण्याने! जर्मनव्याप्त चेकोस्लोव्हाकियात जावाच्या अभियंत्यांनी नवी २५० सीसी गाडी चोरून विकसित केली. १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती झळकली. तिचे नाव ‘पेराक’, म्हणजे स्प्रिंगवाला. मागच्या आसाची दोन्ही टोके उभ्या नळ्यांतील स्प्रिंगांवर वरखाली सरकत. दोन बाजूंची झीज असमान झाली, की मात्र चाक तिरके होई.

१९५४ च्या सुमारास जावाने ही रचना सोडून चिमटा स्वीकारला : एका पिनवर झुलणारी दुहेरी भुजा आणि दोन हायड्रॉलिक शॉक-ॲब्सॉर्बर. मुंबईचे रुस्तम इराणी ‘आयडियल मोटर्स’मार्फत जावा आयात करीत. आयातीवर निर्बंध आल्यावर म्हैसूरला ‘आयडियल जावा’ उभी राहिली आणि १९६१ पासून तेथे याच घडणीच्या गाड्या बनू लागल्या. तेव्हा खांदा कॉलनी वसवणाऱ्या सिडकोचाही जन्म व्हायचा होता. तो १९७० चा. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला आणि सुट्या भागांचा मूळ झराच आटला.

म्हणूनच दुरुस्तीचा प्रश्न इतिहासाचाही आहे. बाजारातील तयार शॉक-ॲब्सॉर्बर बसवणे सोपे. पण लांबी बदलली की मागची उंची बदलते, गाडीचा तोल बदलतो आणि त्या काळातील अभियांत्रिकीचा पुरावा भंगारात जातो. जुना भाग वाचवता येत असताना तो फेकणे म्हणजे ताम्रपट वितळवून तांब्या घडवण्यासारखे आहे.

गाडी मधल्या स्टँडवर चढवून चिमट्याचे टोक आडवे हलवावे. खडखड जाणवली, तर पिन आणि बुश झिजले आहेत. अशा वेळी झिजलेली पिन बदलून लेथवर नवा बुश तिच्या मापाने कातून घेतात. शॉक-ॲब्सॉर्बरचे काम अधिक नाजूक. स्प्रिंग धक्का साठवते, तर तेल तो जिरवते. तेल गळून गेले की गाडी नुसती उसळत राहते. दांड्यावर गंजाचे खळगे असतील, तर नवे ऑइल सीलही लवकरच फाटते. त्यामुळे आधी दांडा क्रोम करून घासून घ्यावा लागतो, मग सील, आणि शेवटी मोजून तेल. बैठक सुटलेली स्प्रिंग तिच्या जोडीदारासह बदलतात. काम नीट जमले, की स्प्रिंग चढवण्यापूर्वी दांडा दाबताना हाताला थोडा आणि ओढताना अधिक विरोध जाणवतो.