तिचे कारण तिलाच विचारा



स्त्रीने राजकारणासाठी शस्त्र उचलले की आपला पहिला प्रश्न असतो, हिला कोणी भरीस घातले? पुरुषाला आपण त्याचे ध्येय विचारतो. स्त्रीचा मात्र नवरा, भाऊ किंवा गुरू शोधीत बसतो.

हा समज क्रांतिकारकांनी ओळखला होता. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर लाहोर स्टेशनावर पोलिसांचा पहारा होता. त्यातून साहेबी वेषातले भगतसिंग निसटले, ते दुर्गादेवी व्होरांचे ‘पती’ म्हणून. बरोबर बाईंचा लहानगा मुलगा आणि नोकर बनलेले आपले खेडचे राजगुरू. लेकुरवाळी बाई कटात असेल, ही शंका कोणाला शिवली नाही. खरे पती भगवतीचरण तेव्हा कलकत्त्यास होते. निर्णय बाईंचा स्वतःचा.

मे १९३० मध्ये बॉम्बची चाचणी घेताना भगवतीचरण मृत्यू पावले. ऑक्टोबरात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर झालेल्या गोळीबारात दुर्गादेवी होत्या. एक पोलीस सार्जंट व त्याची पत्नी जखमी झाली. याला ‘विधवेचा सूड’ म्हणणे सोपे. पण लाहोरच्या त्या दिवशी बाई विधवा कोठे होत्या?

बंगालकडे पाहा. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी गव्हर्नर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नेम चुकला. न्यायालयात त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली व नऊ वर्षांची शिक्षा पत्करली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला चितगावजवळच्या पहाडतळी क्लबवरील हल्ल्याचे नेतृत्व प्रीतिलता वड्डेदार यांनी केले आणि अखेर विष घेतले. वय एकवीस, पेशा मुख्याध्यापिकेचा. स्वातंत्र्याच्या लढ्यात स्त्री-पुरुष हा भेद का, असे त्यांनी मागे ठेवलेल्या निवेदनात विचारले होते.

आपण उत्तर काय दिले? कोणाला ‘देवी’ केले, कोणाला ‘भाभी’. देवीला हार घालता येतो. तिच्याशी वाद घालता येत नाही.

शस्त्राचा मार्ग बरोबर होता, असे आम्ही म्हणत नाही. आमचे आयुष्य संघटनेच्या कामात गेले. पण वाद घालायचा तर तो त्या बाईशीच घालावा. तिची बुद्धी नाकारली की तिची जबाबदारीही नाकारली जाते; मग सार्जंटच्या जखमी पत्नीला जाब कोणी द्यायचा?

गिरणीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या संपकरी बाईलाही ‘नवऱ्याने पाठविली’ म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. विचारले, तर ती मजुरीचा हिशेब पैशापर्यंत सांगते. विचारीत मात्र कोणी नाही.